बिनविरोध

आमच्या बावड्यात कुणाची कशावर निवड झाली की त्याच संध्याकाळी चौकात फ्लेक्स लागतो. सोसायटीचा संचालक असो, शाळा समितीचा सदस्य असो, नाहीतर पोलीस भरतीत लागलेला पोरगा. वर 'हार्दिक अभिनंदन', मधे फोटो आणि खाली शुभेच्छुकांची रांग. शुभेच्छुकांचे फोटो बऱ्याचदा सत्कारमूर्तीपेक्षा मोठे असतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. लहानपणापासून मी हे फ्लेक्स वाचत आले. आपला कधी लागेल असं वाटलं नव्हतं, आणि लागला तो चुकून लागला.

त्या वर्षी मी अमेरिकेतल्या विद्यापीठांत भाषाविज्ञानाच्या पीएच.डी.साठी अर्ज करत होते. पुण्यात एम.ए. झालं होतं आणि बारामतीच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. बावडा ते इंदापूर एक एसटी, इंदापूर ते बारामती दुसरी, आणि संध्याकाळी उलटं. मला अभ्यास करायचा होता तो आमच्याच भागातल्या बोलण्याचा. सभेत, बांधावर, चहाच्या टपरीवर माणसं एकमेकांचं म्हणणं खोडून काढतात, तरी समोरच्याचा मान राखतात, ते नेमकं कसं, याचा. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी हे एकदा जेवताना समजावून सांगितलं. ते ऊस करतात आणि कमी बोलतात. शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "म्हंजी भांडनाचा अभ्यास."

"जवळपास," मी म्हटलं.

"त्येला अमेरिकेला कशाला जायला पायजे?" आई म्हणाली. "हितं काय कमी हाय व्हय?"

अर्ज भरणं हे आमच्याकडे फार सोपं काम मानतात. एक कागद, एक सही, एक शिक्का. माझ्या अर्जांना अख्खा पावसाळा आणि दिवाळी गेली. त्यात एक निबंध लिहायचा असतो, आपण कोण, काय करायचंय आणि आपल्यालाच का घ्यावं. म्हणजे दोन पानं स्वतःची लाल करायची, पण ती केलीय असं दिसू द्यायचं नाही. मला ते काही केल्या जमेना. आमच्या घरात स्वतःबद्दल चांगलं बोलणाऱ्याकडे लोक जरा संशयानंच बघतात.

यातून मला बाहेर काढलं ते बारामतीच्या मॅडमनी. बी.ए.ला त्यांनीच मला पहिल्यांदा भाषाविज्ञान शिकवलं होतं. शिफारसपत्र मागायला गेले तर म्हणाल्या, "मी परदेशात असं पत्र कधी पाठवलेलं नाही, पण पाठवू की. तू कशात चांगली आहेस ते सांग." मी कप फिरवत बसले. "बरं, मग मीच सांगते," म्हणाल्या, आणि स्टाफरूममध्ये, चहा गार होत असताना, माझ्याबद्दल जे बोलल्या ते ऐकून मला खाली बघावं लागलं. इतकं चांगलं मी स्वतःबद्दल एका बैठकीत कधी ऐकलं नव्हतं. घरी येऊन निबंध नव्यानं लिहायला घेतला. त्यातली निम्मी वाक्यं खरं तर त्यांची आहेत.

इंग्रजीची परीक्षा पुण्याला होती. मी नको नको म्हणत असताना अण्णा बरोबर आले, तेही लग्नाला जाताना घालतात तो कडक इस्त्रीचा शर्ट घालून. मी आत कानाला हेडफोन लावून कुणा परक्या बाईचं बोलणं ऐकत होते आणि ते बाहेर बंद दुकानाच्या पायरीवर बसले होते. मी बाहेर आले तोवर त्यांनी तिथल्या वॉचमनशी दोस्ती करून त्याच्या गावाकडचा पाऊस, विहिरी, पोराबाळांची लग्नं, सगळं काढून घेतलं होतं. पेपर कसा गेला हे त्यांनी विचारलं नाही. "भूक लागली आसंल," एवढंच म्हणाले. मला तेव्हा राग आला होता, विचारत कसं नाहीत म्हणून. आता वाटतं, विचारलं नाही हे किती बरं केलं.

आता आबांबद्दल सांगायला हवं. आबा आमच्या भावकीतले नाहीत, पण अण्णांना धाकटा भाऊ मानतात. चौकाजवळ त्यांची पिठाची गिरणी आहे. ती पोटापुरती, खरा जीव निवडणुकीत. सोसायटी, ग्रामपंचायत, दूध संस्था, जिथं जागा निघेल तिथं आबा अर्ज भरणार, आणि पडणार. अर्ज कुठं मिळतो, छाननी कधी, माघारीची मुदत कधी संपते, हे सगळं त्यांना तोंडपाठ. निवडून येणं तेवढं राहून गेलं होतं.

डिसेंबरात माझा शेवटचा अर्ज गेला. पाच विद्यापीठं होती. दुसऱ्या दिवशी दळण घेऊन गिरणीवर गेले तर आबांनी विचारलं, "भरला का गं अर्ज?"

"भरला, आबा."

"छाननी?"

"झाली. कागदपत्रं पूर्ण आहेत असं कळवलंय सगळ्यांनी."

"म्हंजी अर्ज वैध." आबांनी मान हलवली. "आपल्या तालुक्यातनं अजून कुनी भरलाय का ह्या इषयाला?"

"मी तरी ऐकलं नाही. एकटीच असेन."

"आन तू काय माघार घेत न्हाईस."

"माघार कशाला घेऊ?" मी हसून म्हटलं.

"मग झालं की!" आबा म्हणाले आणि पीठ झटकत उठले. मला वाटलं, माझं दळण झालं म्हणतायत.

दोन दिवसांनी बारामतीहून परत येत होते. एसटी चौकात वळली आणि खिडकीतून मला माझाच चेहरा दिसला. सोसायटीच्या इमारतीवर, दुमजली उंचीला. मामेबहिणीच्या लग्नातला फोटो कापून लावला होता, कपाळावर अक्षता तशाच. शेजारी अमेरिकेचा झेंडा. वर लिहिलं होतं, 'गावची सुकन्या. अमेरिका येथील विद्यापीठात बिनविरोध निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुकांत आबा, हात जोडून. कंडक्टरनं एकदा फ्लेक्सकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि दरवाजा उघडून धरला. "या मॅडम," म्हणाला. रोज तोच मला "पुढं सरका" म्हणून ओरडायचा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच गिरणीवर गेले.

"आबा, हे काय केलंत? अजून निवड झाली नाही!"

"आगं, एकच अर्ज हाय म्हनलीस की तूच. एक जागा, एक अर्ज, म्हंजी बिनविरोध. कायदा हाय."

"तालुक्यातनं एक! तिकडे जगभरातनं अर्ज येतात, आबा. शेकड्यानं."

आबांचा चेहरा पडला. त्यांनी जरा विचार केला. "मग गट पाडलेले न्हाईत तितं? भारताला एक जागा, आपल्या जिल्ह्याला एक?"

"नाहीत."

"हे बरूबर न्हाय त्यांचं," आबा गंभीरपणे म्हणाले. एवढा राग आलेला असताना मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून आणखी राग आला.

फ्लेक्स काढायचा तर अण्णाच नको म्हणाले. लावलेला फ्लेक्स काढला की गाव दहा प्रश्न विचारतं. त्यापेक्षा पुढाऱ्यांचे वाढदिवस जवळ आलेत, कुणाचा तरी त्यावर चढेल आणि आपला आपोआप झाकला जाईल. हिशेब बरोबर होता, पण त्या थंडीत सगळे वाढदिवस चौकाच्या पलीकडच्या बाजूला साजरे झाले. माझा फ्लेक्स जागचा हलला नाही.

मग सुरू झाली अभिनंदनं. आईनं संक्रांतीचं हळदीकुंकू केलं तर नेहमीपेक्षा जास्त बायका आल्या. तिळगूळ हातात ठेवत प्रत्येकीचा एकच प्रश्न, "कधी जानार मग?" आई खोटं बोलत नाही आणि खरं सांगायची सोय नव्हती. "बगू," म्हणायची आणि वाण देत पुढं सरकायची. बायका गेल्यावर ती भिंतीला टेकून बसली. मला म्हणाली, "आता तुला घेतलंच पायजे त्यांनी." गमतीनं म्हणाली, पण तिचा आवाज गमतीचा नव्हता. तोवर तो माझा अर्ज होता. त्या दिवसापासून तो आईअण्णांनी गावाला दिलेला शब्द झाला, आणि मला नीट जेवण जाईना.

पहिला नकार फेब्रुवारीत आला. तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली पहाट, त्यामुळं उठल्या उठल्या मोबाईलवर वाचला. फार सभ्य भाषा होती. मान राखून नाही म्हणायचं कसं याचा मला अभ्यास करायचा होता, पण तो असा सुरू व्हायला नको होता. आई भाकरी थापत होती. मी वाचून दाखवलं. "आजून चार हायत न्हवं?" म्हणाली आणि भाकरी उलटली. महिन्याभरात चारातले तीन गेले. त्यातला तिसरा कळल्यावर अण्णा उठले. चप्पल घालून उसाकडं गेले, आणि पाण्याची पाळी नसताना दिवसभर तिकडंच राहिले. ते बघून मी ठरवलं, आता बास. आबांना जाऊन स्पष्ट सांगायचं आणि तो फ्लेक्स उतरवायचा.

गिरणीवर गर्दी होती. ज्वारीचे डबे ओळीनं मांडलेले, बायका बाहेर बाकावर. आत गिरणीचा एवढा आवाज की आबांना काही ऐकू जाईना. मी दारातून सांगितलं, त्यांनी कानाला हात लावला. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. शेवटी मी जीव खाऊन ओरडले, "आबा, मला घेतलं नाही!" आणि नेमका त्याच वेळी, माझं नीट ऐकू यावं म्हणून, आबांनी खटका बंद केला.

सगळी गिरणी माझ्याकडं बघत होती. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. बाकावरची एक बाई पदर तोंडाला लावून दुसरीकडं बघायला लागली. आबा दारापर्यंत आले.

"सगळ्यांनी न्हाय म्हनलं?"

"चार जणांनी. एक राहिलंय. पण तेही काही होत नाही आता. आबा, तो फ्लेक्स काढा. आजच्या आज. पाया पडते तुमच्या."

"बरं," आबा म्हणाले. एवढंच. मग त्यांनी गिरणी पुन्हा चालू केली.

दुसऱ्या दिवशी मी मान खाली घालून एसटीला निघाले. चौकात आल्यावर राहवलं नाही म्हणून वर बघितलं. फ्लेक्स जागेवरच होता. माझा फोटो तोच, झेंडा तोच, आबाही खाली तसेच हात जोडून. फक्त मधे एक नवी पांढरी पट्टी चिकटवली होती, जरा तिरकी. आता तिथं लिहिलं होतं, 'अमेरिका येथील विद्यापीठाचा अर्ज भरल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!'

मी रस्त्यात उभी राहिले. पहिल्यांदा वाटलं, थट्टा केली माझी. काढायला सांगितलं होतं, आणि हे म्हणजे मी पडले याची गावभर दवंडी. एसटी आली, मी चढले, आणि मनात आबांशी भांडत बसले. तेवढ्यात तो कंडक्टर तिकीट द्यायला आला आणि शेजारच्या रिकाम्या सीटला टेकून म्हणाला, "मॅडम, मी बी फौजदारकीला बसलो हुतो. दोनदा. घरी सुदिक म्हाईत न्हाय कुनाला." तिकीट फाडून पुढं गेला.

पुढं बरेच दिवस असंच चाललं. आधी लोक विचारायचे, कधी जाणार. आता कुणी ते विचारत नव्हतं. शेजारच्या काकूंनी धुणं वाळत घालता घालता सांगितलं, लग्नाआधी नर्सिंगचा अर्ज आणला होता, भरलाही होता, वडलांनी तो पोस्टात टाकलाच नाही. इतकी वर्षं शेजारी राहून मला हे माहीत नव्हतं. सोसायटीतल्या एका थोराड गृहस्थांनी, ज्यांना बघून आम्ही पोरं वाट सोडायचो, मला थांबवून आपल्या फौजेतल्या भरतीची गोष्ट सांगितली, छाती भरली नाही म्हणून परत पाठवल्याची. सांगताना हसत होते. आणि एका रविवारी नरसिंहपूरहून एक बाई आपल्या मुलीला घेऊन घरी आल्या. मुलगी बारावीत होती, आईच्या मागं लपत होती. बाई म्हणाल्या, "त्यो बोर्ड वाचला. अर्ज कसा भरत्यात तेवढं हिला सांगा. घेतील न्हाय घेतील, त्ये मागनं बगू." आईनं त्यांना चहा केला आणि मी त्या मुलीबरोबर दुपारभर बसले. कितीतरी दिवसांनी मला भूक लागली.

आबांवरचा राग कधी गेला ते कळलंही नाही. गेला खरा.

शेवटच्या विद्यापीठानं मुलाखतीला बोलावलं. व्हिडिओवर, आपल्याकडच्या सकाळी. बावड्याच्या नेटवर्कचा भरवसा नव्हता, म्हणून मॅडम म्हणाल्या, आदल्या दिवशीच माझ्याकडं राहायला ये. त्यांच्या बारामतीच्या घरात त्यांनी मला खोली दिली, बेलची वायर काढून ठेवली, दूधवाल्याला फोन करून हाक मारू नको म्हणून बजावलं. सगळा बंदोबस्त झाला, आणि मी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देत असताना लांबून घंटागाडीचं गाणं ऐकू यायला लागलं. कचऱ्याची ती गाडी कर्णा लावून गल्लीगल्लीतनं फिरते. मी खिडकीतून बघितलं तर मॅडम गाऊनवर ओढणी घेऊन रस्त्याच्या मधोमध उभ्या, दोन्ही हात पसरून. गाणं बंद झालं. मुलाखत संपेपर्यंत गाडी कोपऱ्यावर उभी होती आणि मॅडम ड्रायव्हरशी बोलत होत्या. मी काय उत्तरं दिली ते मला आज आठवत नाही. मॅडम मात्र तशाच्या तशा आठवतात.

होकार दिसला तेव्हा मी कॉलेजातून लवकर सुटून इंदापूरच्या स्टँडवर बावड्याच्या एसटीची वाट बघत होते. प्रवेश, फी माफ, आणि शिकवण्याच्या बदल्यात राहण्या-जेवण्यापुरता पगार. मी दोनदा वाचलं, मग अण्णांना फोन लावला. ते उसात होते. "अण्णा, घेतलं मला," मी म्हटलं. "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. लगेच त्यांचाच फोन आला. "काय म्हनलीस? परत सांग." मी परत सांगितलं. माझ्या शेजारी बसलेल्या एका अनोळखी आजींनी, मी रडते बघून, काही न विचारता माझ्या हातात शेंगदाण्याची पुडी ठेवली.

बावड्यात उतरले ती घरी न जाता आधी गिरणीवर गेले. दुपारची वेळ, दळण नव्हतं, आबा एकटेच चाळणी साफ करत बसले होते. मी सांगितलं. त्यांनी चाळणी खाली ठेवली.

"शेवटच्यांनी?"

"हो."

"जगात?" आबा म्हणाले. "जगातनं निवडून आलीस?"

"आले, आबा." मी आनंदानं वेडी झाले होते, म्हणून लाडात येऊन विचारलं, "तुम्हाला खात्री होती ना, माझं होणार म्हणून?"

"न्हाय," आबा म्हणाले.

मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"खरं सांगतू पोरी. जगातनं अर्ज येत्यात म्हनलीस, तवाच वळाकलं, ही पडती. आन चार जनांनी न्हाय म्हनल्यावर तर काय राह्यलंच न्हवतं."

"मग फ्लेक्स काढायचा सोडून ती पट्टी कशाला लावलीत?"

आबांनी हाताचं पीठ धोतराला पुसलं. "पडल्यावर कोन लावतंय गं? निकालाच्या आदीच लावाय लागतो. यवढा अर्ज भरलास, यवढी हुबी राह्यलीस, त्ये तरी गावाला दिसू दे म्हनलं."

इतकी वर्षं गाव ज्यांच्या पडण्यावर हसत आलं, मीही हसत आले, त्यांच्या पाया पडले. त्यांनी पिठाचा हात डोक्यावर ठेवला आणि लगेच काढून घेतला, केस पांढरे होतील म्हणून.

"आता झ्याक नवा लावतू," ते म्हणाले. "निवडीचा. मोठा."

"नको, आबा," मी म्हटलं. "हाच राहू द्या."

ऑगस्टात मी निघाले तेव्हा तो तिथंच होता. उन्हापावसानं माझा चेहरा पार उडाला होता, पण पट्टीवरची ओळ एसटीतूनही वाचता येत होती.